तुमचा मालक नेमका कोण? नोकरीच्या बदलत्या नात्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भोसरीत एका मित्राच्या दुकानामागच्या खोलीत आम्ही तिघे-चौघे दर गुरुवारी बसतो. गुरुवारी, कारण आमच्या पट्ट्यात बहुतेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी त्या दिवशी असते. नोकरीत काही अडले की लोक येतात. चाकण-तळेगावचे कारखान्यांतले सकाळी येतात, हिंजवडीचे आयटीतले संध्याकाळी. मी स्वतः २२ वर्षे कारखान्यांच्या टाइम ऑफिसात काढली. हजेरी, ओटी (ओव्हरटाइम), रजा, पगारपत्रक हे सगळे हाताखालून गेलेले आहे. त्याच त्या प्रश्नांची उत्तरे एकदा नीट लिहून ठेवावीत, म्हणून हा खटाटोप.

एक गोष्ट आधीच सांगतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि २९ जुने कायदे त्यांत सामावले गेले. लोकांच्या तोंडी अजून जुनीच नावे आहेत, म्हणून मीही ती वापरतो. तुमचे प्रकरण जुन्या काळातले असेल तर त्याला कोणते कलम लागेल, हे मात्र जाणकाराकडून तपासून घ्या.

माझा खरा मालक कोण? कंपनी की ठेकेदार?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच.

मागच्या पावसाळ्यात लातूरकडचा एक पोरगा आला. खिशातून तीन गेटपास काढून त्याने टेबलावर ओळीने मांडले. तिन्हींवर नाव त्याचेच. फोटोही एकच, एकदा काढलेल्या पासपोर्ट फोटोच्या प्रती पुरवून पुरवून लावलेल्या. वरच्या पट्टीत ठेकेदाराचे नाव तेवढे दर वेळी वेगळे. चार वर्षे तो एकाच कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये त्याच मशीनवर उभा होता. सुपरवायझर तोच, कॅन्टीनमध्ये बसायची जागाही तीच. कागदावर मात्र त्याच्या तीन नोकऱ्या झाल्या होत्या. मग एका रात्री फोनवर मेसेज आला, 'उद्यापासून येऊ नको.' कंपनीत गेला तर म्हणाले, तू आमचा माणूस नाहीस, ठेकेदाराला विचार. ठेकेदार म्हणाला, कंपनीनेच माणसे कमी केली, मी काय करणार?

नोकरी गेल्याचे दुःख त्याला होतेच. पण भांडायचे कोणाशी हेच त्याला कळत नव्हते, आणि ते मला जास्त लागले.

कायद्याच्या भाषेत ठेकेदार हा तुमचा मालक आणि कंपनी ही मुख्य नियोक्ता, म्हणजे जिच्यासाठी काम होते ती. पण म्हणून कंपनीचे हात मोकळे होत नाहीत. ठेकेदाराने पगार बुडवला तर तो कंपनीने द्यायचा आणि नंतर ठेकेदाराकडून वसूल करायचा, ही तरतूद १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यापासून आहे आणि नव्या संहितेतही राहिली आहे. पीएफचेही तसेच. कारखान्याच्या मुख्य कामात कंत्राटी माणसे लावायला नव्या संहितेत मनाई आहे, पण तिला अपवाद बरेच आहेत.

आता कटू भाग. सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली स्टील ऑथॉरिटीच्या खटल्यात सांगितले, की कंत्राटी पद्धतीवर बंदी आली तरी कामगार आपोआप कंपनीच्या सेवेत जात नाहीत. मात्र कंत्राट नावापुरतेच आहे, काम, शिस्त, रजा सगळे कंपनीच ठरवते, हे औद्योगिक न्यायाधिकरणापुढे सिद्ध झाले तर कंपनीच खरी मालक ठरू शकते. म्हणून आम्ही पहिल्यांदा हेच विचारतो: रजा कोणाकडे मागायचास? शिफ्टची यादी कोण लावायचे? मशीन बिघडली तर फोन कोणाला? त्या पोराकडे सुपरवायझरच्या सहीच्या दोन रजाचिठ्ठ्या निघाल्या. आईने देवघरातल्या डब्यात जपून ठेवल्या होत्या.

२४० दिवस भरले की मी परमनंट होतो ना?

असे सरसकट नाही. आणि हा गैरसमज फार महाग पडतो.

वर्षात २४० दिवस काम झाले, की एक वर्षाची सलग सेवा धरली जाते. मग तुम्हाला कमी करताना एक महिन्याची नोटीस किंवा तिचा पगार आणि दर पुऱ्या वर्षामागे १५ दिवसांच्या सरासरी पगाराची भरपाई द्यावी लागते. हे संरक्षण झाले, कायमपण नव्हे. महाराष्ट्राच्या आदर्श स्थायी आदेशांत (कारखान्यातल्या सेवाशर्तींच्या सरकारी नियमावलीत) मात्र २४० दिवसांनंतर तात्पुरत्या कामगाराला कायम करण्याची तरतूद होती. तिच्यावर ढिगाने खटले झाले आणि त्यातूनच 'ब्रेक'ची पद्धत रुळली.

हे मला ऐकून माहीत नाही, हाताने केलेले आहे. मी होतो त्या एका कारखान्यात दर महिन्याच्या २० तारखेला मला यादी काढावी लागे. ज्यांचे २१० दिवस भरले त्यांच्या नावापुढे पेन्सिलीने बारीक टिंब करायचे. शाईने नाही, पेन्सिलीने. यादी साहेबांकडून परत आली की टिंबे खोडलेली असत आणि ती माणसे पुढच्या महिन्यात हजेरीपटावर नसत. महिना-दीड महिन्याने त्यातली बरीचशी नव्या टोकन नंबरने परत येत. त्यांना वाटे, काम कमी होते म्हणून बसवले. काम कमी नव्हते. मी कोणालाही सांगितले नाही, आणि त्याची खंत मला आजही आहे. गुरुवारची ही खोली त्या पेन्सिलीमुळेच सुरू झाली.

म्हणून ब्रेक मिळाला तर त्या काळात कंपनीत काम चालू होते का, तुमच्या जागी कोण आले, हे लिहून ठेवा.

पूर्वीचे मालक चांगले होते, आता सगळे बिघडले, असे म्हणतात. खरे आहे का?

नाही. नात्याची तऱ्हा बदलली, इतकेच म्हणता येईल.

गिरणीत मालक कोणाला दिसतच नसे. दिसे तो मुकादम, म्हणजे जॉबर. भरती त्याच्या हातात, गैरहजर माणसाच्या जागी घेतला जाणारा बदली कामगार रोज सकाळी दारात उभा, आत घ्यायचे की नाही ते मुकादम ठरवणार. आठवड्याची सुट्टीसुद्धा कोणी आपणहून दिली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली. त्यानंतर सहा वर्षांनी, १० जून १८९० रोजी, रविवारची सुट्टी मिळाली. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी संपाच्या हक्कावर बंधने आणणाऱ्या विधेयकाविरुद्ध डॉ. आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने कम्युनिस्टांसोबत मुंबईत संप केला. अशा भांडणांतूनच पुढच्या पिढीची परमनंटची नोकरी आली: पगारवाढीचे करार, बोनस, मुलाला कंपनीत चिकटवणे.

मग १८ जानेवारी १९८२ चा संप. दत्ता सामंतांच्या मागे सुमारे अडीच लाख गिरणी कामगार बाहेर पडले. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. तो विरत गेला आणि त्याबरोबर गिरणगावही. त्या धक्क्यातून मालकांनी एक धडा घेतला, की माणसे आपल्या पटावर कमी ठेवायची. घरोघरच्या वडिलांनीही एक धडा घेतला, की पोराने युनियनच्या भानगडीत पडू नये. आजचे ठेकेदारीचे नाते या दोन धड्यांवर उभे आहे, असे माझे मत आहे. जुना मुकादम गेला. त्याच्या जागी एजन्सी आली, आणि आता फोनमधले अ‍ॅप.

नियुक्तिपत्र दिलेच नाही. काय करू?

मागा. लेखी मागा. नव्या संहितांनुसार नियुक्तिपत्र देणे बंधनकारक आहे. साधा ईमेल किंवा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज चालेल: 'अमुक तारखेपासून मी अमुक खात्यात काम करतो/करते, कृपया नियुक्तिपत्र द्यावे.' उत्तर नाही आले तरी तुमचा मेसेज तारखेसकट राहतो.

दरम्यान पुरावा जमवत राहा. बँकेतली पगाराची नोंद, पीएफचे पासबुक, ईएसआयचे (कामगार राज्य विम्याचे) कार्ड, गेटपास, शिफ्टच्या यादीचा फोटो, बसचा पास. पगार रोखीने मिळत असेल तर हाती येताच त्याच दिवशी खात्यात भरा. छोट्या वहीत रोजची हजेरी स्वतः लिहा. अशा साध्या वह्या पुढे कामी आलेल्या मी पाहिल्या आहेत.

पगार २५ हजार सांगितला, हातात २१ हजार येतात. बाकीचे गेले कुठे?

तुम्हाला सीटीसी सांगितला गेला, म्हणजे कंपनीचा तुमच्यावरचा एकूण खर्च. त्यात कंपनीचा पीएफचा वाटा आणि ग्रॅच्युइटीची तरतूदही धरलेली असते.

ढोबळ हिशेब असा. मूळ पगार साडेबारा हजार धरू. त्यावर कंपनीचा १२ टक्के पीएफ म्हणजे १,५०० रुपये आणि ग्रॅच्युइटीपोटी साधारण ६०० रुपये आधीच बाजूला. उरले २२,९००. त्यातून तुमचा पीएफ १,५०० आणि व्यवसाय कर २०० वजा. हातात २१,२०० च्या आसपास. बस किंवा कॅन्टीनची कपात असेल तर आणखी कमी. पुरुषांना दहा हजारांवर व्यवसाय कर महिना २०० आणि फेब्रुवारीत ३०० असतो. महिलांना २५ हजारांपर्यंत तो माफ आहे. एकीची कपात चुकून चालूच होती, ती आम्ही थांबवली.

यात फसवणूक नाही. पण मुलाखतीतच विचारायला लाजू नका, 'हातात किती येतील?' आणि पीएफचे पासबुक दर महिन्याला उघडून बघा. पगारातून कापलेला पीएफ खात्यात भरलाच नाही, अशी प्रकरणे दर दोन-तीन आठवड्यांनी येतात.

त्यातच एक कळकळीची विनंती. ठेकेदार बदलला की पीएफ काढून घेऊ नका, यूएएनवरून, म्हणजे पीएफच्या कायमच्या नंबरवरून, नव्या खात्यात वळवा. पेन्शनला दहा वर्षांची सेवा लागते. बहिणीच्या लग्नाला, बाइकच्या हप्त्याला दर ब्रेकमध्ये पीएफ काढलेली माणसे पन्नाशीत समोर बसतात, तेव्हा त्यांना सांगायला माझ्याकडे काहीच नसते.

बारा तासांची शिफ्ट आता कायदेशीर झाली का?

२०२५ साली राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांत रोजची मर्यादा ९ वरून १२ तास करायला मंजुरी दिली, तिथून ही चर्चा पसरली. आठवड्याची ४८ तासांची मर्यादा मात्र तशीच आहे. बारा-बारा तास सहा दिवस म्हणजे ७२. त्यातले २४ तास ओव्हरटाइम, आणि ओव्हरटाइम दुप्पट दराने. सिंगल ओटी, म्हणजे साध्या दराने ओव्हरटाइम, हा शब्द कारखान्यांत सर्रास चालतो. कायद्यात तो नाही.

९० दिवसांचा नोटीस पीरियड आहे आणि कंपनी सोडत नाही. बाँडही लिहून घेतलाय.

कोणाकडूनही जबरदस्तीने काम करून घेता येत नाही. प्रश्न फक्त पैशांचा उरतो. करारात नोटीसच्या बदल्यात पगार भरून सुटण्याची सोय असेल तर तो तुमचा हक्क आहे; नसेल तर बोलणी करावी लागतात.

बाँडबद्दल मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात निकाल दिला. तीन वर्षांच्या आत सोडल्यास दोन लाख रुपये भरायचे, ही अट तिथे वैध ठरली. बँक सरकारी, पद अधिकाऱ्याचे, भरतीचा खर्च मोठा. तेव्हा 'सगळे बाँड बेकायदा' हे मोबाइलवर फिरणारे वाक्य विसरा. तसाच दोन आठवड्यांच्या जुजबी ट्रेनिंगवर पाच लाखांचा बाँड टिकेल, असेही समजू नका. रक्कम वाजवी हवी आणि खर्चाशी तिचा काही मेळ हवा.

नोकरी सोडल्यावर प्रतिस्पर्धी कंपनीत जाऊ नये, ही अट मात्र १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २७ पुढे टिकत नाही. आणि दहावी-बारावीची मूळ प्रमाणपत्रे कोणाकडेही ठेवायला देऊ नका.

सोडल्यावर फुल अँड फायनलसाठी, म्हणजे शेवटच्या हिशेबासाठी, लोक महिनोन्‌महिने चकरा मारत. आता राजीनामा असो वा काढलेले असो, राहिलेला पगार दोन कामाच्या दिवसांत द्यायचा आहे. ग्रॅच्युइटीला ३० दिवस.

एचआरने खोलीत बोलावून 'स्वतःहून राजीनामा दे, नाहीतर टर्मिनेट करू' म्हटले. काय करावे?

त्या खोलीत सही करू नका. 'मला विचार करायला वेळ हवा, उद्या लेखी कळवतो' एवढेच म्हणा आणि बाहेर या. त्याच संध्याकाळी एचआरला मेल टाका: आज अमुक वाजता मला राजीनामा देण्यास सांगण्यात आले, माझी तशी इच्छा नाही.

हिंजवडीतून येणारी मुले-मुली या क्षणी फार एकटी पडलेली असतात. कारखान्यात एकाला काढले तर दहा जण गेटवर थांबतात. इथे लॅपटॉप जमा होतो, ईमेल बंद होतो आणि शेजारच्या डेस्कवरच्यालाही दुपारी जेवताना कळते. २०२५ च्या जुलैत टीसीएसने सुमारे १२ हजार, म्हणजे दोन टक्के माणसे कमी करण्याचे जाहीर केले, तेव्हा आमच्याकडे नोकरी शाबूत असलेलेच जास्त आले. त्यांना झोप लागत नव्हती.

'आयटीवाल्यांना कामगार कायदा लागत नाही' हा समज अर्धवट आहे. पदाचे नाव काय, यापेक्षा रोजचे काम काय, हे न्यायालय बघते. स्वतः कोड लिहिणारा, टेस्टिंग करणारा माणूस तांत्रिक कामात मोडू शकतो आणि त्याला पगाराची मर्यादा नाही. मर्यादा आहे ती देखरेखीचे काम करणाऱ्यांना, नव्या संहितेत महिना १८ हजार. व्यवस्थापक बाहेर. राजीनामा दिलात, की कपातीची नोटीस आणि भरपाई हे दोन्ही विषय संपतात. तो एवढा का मागितला जातो, ते यावरून कळेल.

साहेब म्हणतात, 'आपण सगळे एक कुटुंब आहोत.' मग हिशेब मागणे वाईट दिसते का?

वाईट अजिबात दिसत नाही. घरातही भावाभावांत वाटणीचा कागद होतो, आणि झालेला बरा असतो.

मी जिव्हाळा नाकारत नाही. माझ्या वडिलांच्या आजारपणात एका प्लांट मॅनेजरांनी रात्री दोन वाजता स्वतःची गाडी पाठवली होती. ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. पण त्याच कारखान्यात अपघातात बोटे गेलेल्या माणसाला नुकसानभरपाईऐवजी 'आपण बघू ना काहीतरी' ऐकवले गेले. माया माणसामाणसांत असते आणि माणसे बदली होऊन जातात. कायम राहतो तो कागद.

रात्री अकराला ऑफिसच्या ग्रुपवर कामे येतात. उत्तर द्यावेच लागते का?

कामाचे तास संपल्यावर फोन न उचलण्याचा स्वतंत्र हक्क आपल्याकडे अजून कायद्यात नाही. फ्रान्समध्ये २०१७ पासून आहे. सुप्रिया सुळे यांनी त्यासाठी लोकसभेत २०१८ साली आणि पुन्हा डिसेंबर २०२५ मध्ये खासगी विधेयक मांडले. खासगी विधेयक मंजूर होऊन कायदा झाल्याची शेवटची वेळ १९७० ची, त्यामुळे तेवढ्यावर विसंबून राहू नका. खात्यातल्या सगळ्यांनी मिळून ठरवले तर मात्र फरक पडतो. एका गटाने 'रात्री नऊनंतर फक्त मशीन बंद पडली तरच फोन' एवढे एक वाक्य साहेबांकडून ग्रुपवर लिहून घेतले. ते पाळलेही जाते.

मी डिलिव्हरी करतो. मला 'पार्टनर' म्हणतात. मी कामगार आहे का?

सामाजिक सुरक्षा संहितेत तुमच्यासाठी गिग कामगार आणि प्लॅटफॉर्म कामगार अशा व्याख्या पहिल्यांदाच आल्या. कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम निधीत द्यायची, त्यातून विमा, अपघात, आजारपण अशा योजना. पण नेहमीच्या अर्थाने तुम्ही कामगार धरले जात नाही: किमान वेतन नाही, ओटी नाही, आयडी बंद केला तर नोटीस नाही.

पावसात गाडी घसरून पाय मोडलेल्या एका मुलाने मला विचारले होते, 'काका, माझा साहेब कोण आहे हे मला कधी दिसलंच नाही. रजेचा अर्ज कोणाला लिहू?' प्रेस शॉपमधल्या पोराचाच हा प्रश्न. इथे तर गेटही नाही.

करण्यासारखे आहे ते करा. ई-श्रम या सरकारी पोर्टलवर नोंदणी करा. रोजच्या कमाईचे आणि रेटिंगचे स्क्रीनशॉट ठेवा. आयडी बंद झाला की अ‍ॅपमधला सगळा इतिहासही बंद होतो.

बाईमाणसासाठी काय बदलले?

कागदावर बरेच. रात्रपाळीत काम करता येते, पण तिच्या लेखी संमतीने आणि सुरक्षेची, ने-आण करण्याची सोय मालकाने केली तर. संमती म्हणजे फॉर्मवरची टिकमार्क नव्हे. नाही म्हटले म्हणून काढता येत नाही. २०१७ पासून पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी बाळंतपणाची रजा आहे, त्याआधीच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम झालेले हवे. ५० किंवा जास्त माणसे असतील तिथे पाळणाघर हवे. आमच्या पट्ट्यात तुम्ही कितीदा पाळणाघर पाहिले?

लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी दहा किंवा जास्त माणसे असतील तिथे अंतर्गत समिती लागते. तक्रार तीन महिन्यांच्या आत द्यावी. २०१३ च्या या कायद्यात ठेकेदारामार्फत आलेल्या बाईलाही तेच संरक्षण आहे. कॅन्टीनमधल्या, साफसफाईच्या ताया 'आम्ही तर कंपनीच्या नाही' म्हणून गप्प बसतात. ताई, तुम्ही त्या कंपनीच्या समितीकडे जाऊ शकता. समितीच नसेल किंवा माणसे दहापेक्षा कमी असतील, तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे.

युनियन करावी का?

करण्याचा हक्क तुम्हाला राज्यघटनेने दिला आहे, आयटीतल्यांनाही. युनियन करतो म्हणून काढणे ही अनुचित कामगार प्रथा ठरते. नव्या संहितेत ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असलेल्या युनियनला वाटाघाटीचा अधिकार मिळतो आणि संपाआधी १४ दिवसांची नोटीस द्यावी लागते. त्यामुळे जुन्या पद्धतीने सकाळी ठरवून दुपारी काम बंद, हे आता महागात पडेल.

माझे मत विचाराल तर, करावी; पण कंत्राटी माणसांना बाहेर ठेवून करू नये. २०० परमनंट आणि त्यांच्या शेजारी ८०० कंत्राटी, आणि करार फक्त २०० जणांचा, हे चित्र मी टाइम ऑफिसच्या खिडकीतून वर्षानुवर्षे पाहिले. पगारवाढीचे पेढे आठशे जणांसमोर वाटले जात. २० किंवा जास्त कामगार असतील तिथे तक्रार निवारण समिती बंधनकारक आहे. सुरुवात तिथून करता येईल.

मी स्वतःच छोटा मालक आहे. चौदा माणसे आहेत. कोणी टिकत नाही, मी काय करू?

तुमचा प्रश्न मला तितकाच जवळचा वाटतो. एमआयडीसीच्या टी ब्लॉकमधले एक शेडवाले दादा येतात. दोन व्हीएमसी (संगणकावर चालणारी धातू कापायची) मशिन, जॉबवर्क. मोठी कंपनी माल उचलते आणि पैसे तीन-चार महिन्यांनी देते. दादांना सात तारखेला पगार द्यायचा असतो. मग पगार पंधरा तारखेवर, पंधराचा वीसवर जातो आणि ऑपरेटर दोन हजार जास्त देणाऱ्या शेडमध्ये निघून जातो. पोराला दादा वाईट वाटतात, दादांना पोरगा बेइमान वाटतो. आणि पैसे अडकलेले असतात तिसऱ्याच्या खात्यात.

२००६ च्या कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत मिळायला हवेत, उशीर झाल्यास व्याजासकट. उद्यम नोंदणी (लघुउद्योगाची सरकारी नोंदणी) करा आणि सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवर तक्रार द्या. ऑर्डर जाईल या भीतीने कोणी देत नाही, हे मला माहीत आहे. कामगारही त्याच भीतीने गप्प असतो. माणसांच्या बाबतीत दोन गोष्टी मात्र आजपासून होतील. एक पानी नियुक्तिपत्र मराठीत द्या. आणि पगाराला उशीर होणार असेल तर पाच तारखेलाच सगळ्यांना उभे करून सांगा, कोणाचे बिल अडकले आहे आणि कधी येईल. दादांनी हे सुरू केले. त्यानंतरच्या दिवाळीत बोनसला आठवडा उशीर झाला, तरी एकही माणूस गेला नाही.

दहा माणसांवर ईएसआय, वीसवर पीएफ. तुमच्याकडे चौदा आहेत, म्हणजे ईएसआय हवेच. नसेल तर उद्याच करा. मशीनवर हात गेला तर तुमचे शेड विकूनही भागणार नाही.

तक्रार कुठे करायची? वकिलाला पैसे नाहीत.

पगार, कपात, कमी करणे यासाठी कामगार उपायुक्तांचे कार्यालय. पीएफची तक्रार ऑनलाइन. आणि फार थोड्यांना माहीत असलेली गोष्ट: १९८७ च्या विधी सेवा कायद्यानुसार औद्योगिक कामगाराला आणि कोणत्याही महिलेला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयातच विधी सेवा प्राधिकरणाचे ऑफिस असते. आधार कार्ड आणि अर्ज घेऊन जा.

काम सोडताना गेटपास परत मागतात. द्यावा का?

द्या, तो त्यांचाच असतो. पण आदल्या रात्री घरी पुढून आणि मागून, दोन्ही बाजूंचे फोटो काढा. मागच्या बाजूला बारीक अक्षरात ठेकेदाराचे पूर्ण नाव, पत्ता आणि पास कधीपर्यंत चालेल ती तारीख असते. फोटो फक्त फोनमध्ये ठेवू नका, घरच्या कोणाला तरी पाठवा. प्रेस शॉपमधल्या पोराचे प्रकरण आता समेट अधिकाऱ्यांपुढे आहे, आणि फाइलच्या पहिल्या पानावर ते तीन पास लावले आहेत.